झाडावर तीन-चार तास बसता येईल असा हार्नेस: मालवणातलं एक प्रकरण

मालवण तालुक्यातल्या एका गावात माडावर आणि आंब्यावर चढून संसार चालवणारे एक गृहस्थ आहेत. वय ४४, उंची ५ फूट ३ इंच, वजन ७६ किलो. गावात त्यांना सगळे दादा म्हणतात, इथेही तेच म्हणतो. नारळ पाडणं हा त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला धंदा. पायात काथ्याचा फास, कमरेला आकडी, आकडीत कोयता, एवढ्या सामानावर त्यांची पंचवीसेक वर्षं निघाली. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं आणि त्यानंतर कामाचा नूर बदलला. घरावर, गोठ्यावर, मांगरावर झुकलेल्या फांद्यांची लोकांना धास्ती वाटू लागली. एप्रिल उजाडला की ‘आमचो आंबो वायंच हलको करून दी’ असे निरोप येऊ लागतात आणि मृग लागेपर्यंत दादांना उसंत नसते.

माडावरचं काम म्हणजे चढायचं, नारळ पाडायचे, उतरायचं. कौलांवर आलेली रायवळ आंब्याची फांदी अशी पाडता येत नाही. ती शेंड्याकडून थोडी थोडी कापत, प्रत्येक तुकडा दोराला बांधून हळूहळू खाली सोडावी लागते. त्यासाठी माणूस झाडाच्या एकाच खांद्याच्या, म्हणजे जाड फांदीच्या, आसपास तीन-तीन, चार-चार तास लटकलेला असतो. म्हणजे दादांचं चढणं पूर्वीइतकंच राहिलं, वर थांबणं मात्र कितीतरी वाढलं. पुढची सगळी निवड या एका गोष्टीवर ठरली.

मी गिर्यारोहणातून दोरकामाकडे आलो आणि आता झाडावर काम करणाऱ्यांना दोर, गाठी, बचाव शिकवतो. दादांच्या पुतण्याने मला बोलावलं तेव्हा हार्नेस, म्हणजे अंग दोराला जोडून ठेवणारा पट्ट्यांचा साज, बदलायचा विषयच नव्हता. त्याचं म्हणणं होतं, ‘काका वर गेल्यावर पट्टा सोडून ठेवतात. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.’

सांगून हे सुटणारं नव्हतं. पंचवीस वर्षं झाडावर काढलेला माणूस धोका ओळखत नाही असं समजणं चूक आहे. असा माणूस वर असताना पट्टा सोडतो, याचा अर्थ तो पट्टा पडण्याच्या भीतीपेक्षा जास्त छळतो आहे. म्हणून आधी दादांना विचारलं, का सोडता? उत्तर सरळ आलं: ‘मांडी बधीर जाता. मगे वर असतानाच पट्टो सोडूचो लागता.’

छळत काय होतं

दादांकडे होता तो बांधकामावर वापरतात तसला पूर्ण अंगाचा हार्नेस. खांद्यावरून, मांड्यांतून अरुंद पट्टे, पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध एक कडं, कमरेला पट्टा आणि त्याच्या दोन बाजूंना आणखी दोन कडी. कुडाळच्या बाजारात सहज मिळतो, हजार-दोन हजारांत येतो, आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का असेल तर त्याच्या कामापुरता तो चांगलाही असतो. पण त्याचं काम आहे पडणाऱ्याला झेलणं. माणूस पडलाच तर पाठीवरच्या कड्यावर त्याला उभ्या स्थितीत धरून ठेवायचं आणि कुणी येऊन सोडवेपर्यंत वेळ मिळवून द्यायचा. त्यात बसून काम करायचं हे बनवणाऱ्याच्या मनातही नसतं. पाठीच्या कड्यावर लटकलेल्या माणसाला समोरच्या फांदीवर धड करवतसुद्धा चालवता येत नाही. म्हणून दादा बाजूच्या कड्यांतून दोर घेत, तो फांदीभोवती टाकत आणि सगळा भार कमरेच्या पट्ट्यावर सोडून मागे रेलत.

पोट थोडं सुटलेलं, पट्टा अरुंद. भार आला की पट्टा पोटाखाली सरके आणि कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आहे ना, बोट लावलं की टोचतं ते, नेमका त्यावर जाऊन बसे. या टोकाच्या लगेच आतून एक मज्जातंतू मांडीच्या बाहेरच्या बाजूला उतरतो. तो फक्त कातडीची संवेदना वाहतो, स्नायू हलवण्याशी त्याचा संबंध नाही. त्यावर दाब राहिला की मांडीचा बाहेरचा भाग बधीर होतो, मुंग्या येतात, कधी आग होते, पण पायातली ताकद जात नाही. दादांचं चित्र तंतोतंत हेच होतं. उजव्या मांडीवर तळहाताएवढा भाग, दोराला रेलून काम केलं की बधीर, रात्री जळजळ, चढताना पाय मात्र खणखणीत. घट्ट कमरपट्टा, सुटलेलं पोट आणि मधुमेह या तिन्हींमुळे हा त्रास होऊ शकतो, म्हणून आधी त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. साखर ठीक निघाली. डॉक्टरांनीही दाब काढा एवढंच सांगितलं. पाय बधीर होतो म्हणून कुणी परस्पर नवा हार्नेस घ्यायला निघाला असेल, तर त्याने हा टप्पा गाळू नये. कंबरेच्या मणक्याचा त्रासही पायात उतरतो आणि त्याला कितीही महागडा पट्टा उपयोगाचा नाही.

मांड्यांतले पट्टे हा दुसरा भाग. ते इतके अरुंद होते की पाच मिनिटांत दोरीसारखे वळून जांघेत रुतत. मग दादा आधी मांडीचे पट्टे ढिले करत. ते ढिले झाले की सगळा भार कमरेवर येई आणि बधिरपणा वाढे. मग कमरेचा पट्टाही सुटे. पुतण्या खालून बघत असे तो या साखळीचा शेवट.

गिर्यारोहणाचा हार्नेस का नाही

माझ्याकडचा कातळ चढायचा हार्नेस दादांना घालून बघितला, कारण पुतण्याने मोबाइलवर तो पाहिला होता आणि स्वस्तात मस्त वाटला होता. हा हार्नेस हलका, सुटसुटीत. घातला की दादा खूश झाले. पण त्याची रचना बहुतेक वेळ पायावर उभं राहणाऱ्या आणि अधूनमधून दोरावर येणाऱ्या माणसासाठी असते. कमरपट्टा पातळ, बाजूला भार घेणारी कडी नाहीत. सामान अडकवायचे जे फासे असतात, त्यांना माणसाचा भार पेलत नाही. झाडकामात बाजूच्या कड्यांतून फांदीभोवती जाणारा दोर म्हणजे अर्धं काम. घाईत कुणी तो दोर सामानाच्या फाशात अडकवला तर तिथेच सगळं संपलं. दादांसारख्या माणसाच्या हाती हा हार्नेस द्यायला माझं मन धजलं नाही. सह्याद्रीत फिरणाऱ्या मुलांनी घरचा आंबा छाटायला तो वापरताना मी पाहिलं आहे, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

झाडकामाच्या हार्नेसवर लेबल बघायचं ते ईएन ३५८ आणि ईएन ८१३ या दोन्ही युरोपीय मानकांचं. पहिलं दोराला रेलून काम करण्याच्या पट्ट्याचं, दुसरं बसायच्या हार्नेसचं. बांधकामावरच्या पडझेल हार्नेसचं युरोपीय मानक ईएन ३६१, कातळावरच्याचं ईएन १२२७७. दुकानदार काहीही सांगो, लेबल वाचता आलं की निम्मा घोळ मिटतो. मात्र बसायचा हार्नेस पडणं झेलायला नसतो, हेही त्यातच आलं. दोर कायम ताणलेला हवा, अँकर, म्हणजे दोर झाडाला जिथे अडकवला ती जागा, डोक्याच्या वर हवा. अँकरच्या वर चढून जायचं आणि दोरात झोळ राहू द्यायचा, ही सवय या हार्नेसबरोबर चालत नाही.

जमिनीपासून वीतभर वर

एका ओळखीच्या प्रशिक्षकाकडून झाडकामाचे तीन वेगवेगळे हार्नेस चार दिवसांसाठी उसने मिळाले. दादांच्या अंगणातल्या आंब्याच्या खालच्या फांदीला दोर बांधला आणि दादांना पाय जमिनीपासून वीतभर वर राहतील असं लटकवलं. दुकानात उभ्या उभ्या कमरेला आवळून बघितलेला हार्नेस काहीच सांगत नाही. उभं असताना सगळेच हार्नेस आरामाचे वाटतात. खरं काय ते भार आल्यावर आणि भार टिकल्यावर कळतं. म्हणून प्रत्येकात निदान अर्धा तास, आणि तोही नुसता लटकून नाही. करवत हातात, कोयता कमरेला, डावीकडे वाकून फांदी कापल्यासारखं करा, उजवीकडे हात पुरवा, मागे वळून बघा, पाय खोडाला लावून दोन पावलं बाजूला चाला. मधे काही टोचलं तर लगेच सांगायचं आणि मी वहीत मांडायचं.

पहिला हार्नेस नावाजलेला, कमरेचा पट्टा रुंद, कडक आणि उंच. फोटोत सगळ्यात भक्कम तोच दिसतो आणि मागणीही त्यालाच जास्त. दादांना तो दहा मिनिटांतच नकोसा झाला. कारण त्यांच्या धडात होतं. कमरेचं हाड आणि शेवटची बरगडी यांत त्यांची जेमतेम चार बोटं मावतात. एवढा उंच पट्टा त्यात बसणार कसा? बाजूला वाकले की पट्ट्याची वरची कड बरगडीत घुसायची. उंच, लांब धडाच्या माणसाला हाच पट्टा सुखाचा वाटेल. रुंदी जास्त म्हणजे आराम जास्त हा हिशेब प्रत्येक अंगाला लागू होत नाही, आणि हार्नेसच्या चर्चेत धडाची उंची कुणी विचारतही नाही याचं मला नवल वाटतं. कमरेचा घेर आणि मांडीचा घेर तेवढा मोजतात.

दुसऱ्यात मांडीपट्ट्यांच्या ऐवजी खाली आडवी फळी होती, पाळण्याच्या पाटासारखी. लटकून बसायला याच्यासारखं सुख नाही. दादा त्यात चहा प्यायले. पण पाय खोडाला लावून चालायला सांगितलं की फळी मांड्यांच्या मागे आपटायची, आणि माडाला मिठी मारून चढायचं तर ती मधेच येणार हे उघड होतं. दादांच्या वर्षाच्या कामातलं निम्मं अजून माडाचं आहे. एकाच झाडावर दिवस दिवस बसून काम करणाऱ्याला मी हा प्रकार डोळे झाकून सुचवीन. दादांसाठी तो बाद.

तिसरा मधला. कमरपट्टा मागे रुंद, पुढे येता येता निमुळता होणारा. मांड्यांना रुंद, आतून जाळीदार अस्तराचे वेगवेगळे पट्टे. पुढे दोन कड्यांच्या मधे दोराचा एक छोटा पूल आणि त्यावर सरकणारी रिंग. चढायचा दोर या रिंगेला जोडायचा. बाजूला वाकलं की रिंग पुलावरून त्या बाजूला सरकते आणि कंबर पिळली जात नाही. दादांना याची गंमत वाटली, पण बसताक्षणी हा हार्नेसही त्यांना आवडला नाही. मांड्या वर उचलल्यासारख्या वाटत होत्या आणि पाठ मागे कलत होती.

इथे घाई केली असती तर हाही परत गेला असता. हार्नेसमध्ये कमरपट्टा आणि मांडीपट्टे यांना जोडणाऱ्या छोट्या पट्ट्या असतात. त्यांच्या लांबीवर भाराची वाटणी ठरते. त्या आखूड केल्या की माणूस जास्त बसता होतो आणि भार मांड्यांवर जातो. सैल सोडल्या की तो उभा होतो आणि भार कमरेवर येतो. दादांच्या उंचीला त्या फारच आखूड ठेवलेल्या होत्या. थोड्या थोड्या सोडत गेलो. मांडीपट्टे जांघेतून खाली, नितंबाच्या घडीपाशी आणले. कमरपट्टा पोटाखालून काढून हाडाच्या टोकाच्या वर बसवला आणि आधी आवळून घेतला, मांडीपट्टे मागाहून. क्रम महत्त्वाचा. मांडीपट्टे आधी आवळले तर ते कमरपट्टा खाली ओढतात आणि पुन्हा तोच मज्जातंतू. मांडीपट्ट्यात तळहात आडवा सपाट सरकला पाहिजे, मूठ वळली तर ती जाऊ नये, इतपत आवळायचं.

पुलाची लांबीही बदलून बघितली. पूल लांब असला की रिंग अंगापासून दूर जाते, बाजूला सरकायला जागा जास्त मिळते, पण चढताना-उतरताना सरकवायची दोरावरची गाठ हातापासून लांब पडते. दादांचे हात आखूड. लांब पुलावर गाठ ढकलायला त्यांना दर वेळी खांदा ताणावा लागत होता. आखूड पूल लावल्यावर हा त्रास गेला.

एवढं झाल्यावर दादा पाऊण तास लटकून होते. उतरल्यावर उजव्या मांडीवरून मी चावीचं टोक फिरवलं, डोळे मिटून सांगा म्हटलं. जुनी बधीर जागा सोडली तर नवी कुठली नव्हती.

घाम, हुमले आणि राख

परदेशातल्या माहितीत थंडीतले कपडे, जाड पँट, त्यावर हार्नेस असा हिशेब असतो. मालवणात मे महिन्यात दुपारी आंब्यावर बसणाऱ्या माणसाचा हिशेब वेगळा. दादा अर्ध्या चड्डीवर हार्नेस घालत. मांडीपट्ट्याची कड उघड्या कातडीवर घासली की घामाने आणि मिठाने दोन तासांत चामडी सोलते आणि जांघेत गजकर्ण होतं ते पावसाळाभर जात नाही. स्पंजाचं अस्तर घाम पिऊन जड होतं, वाळतही नाही. जाळीदार अस्तर याबाबतीत बरंच सरस ठरलं. चामडी सोलू नये म्हणून दादांना पातळ, लांब, जांघेत जाड शिवण नसलेली पँट घ्यायला लावली. खिशात मोबाइल, चावी, तंबाखूची डबी काहीही ठेवायचं नाही. पट्ट्याखाली आलेली डबी दहा मिनिटांत हाडात उतरते. खालचा रोजचा कंबरपट्टा बकलासकट काढून ठेवायचा.

आणि हुमले. आंब्यावर पानं चिकटवून घरटी करणारे हे तांबडे मुंगळे चावले की भले भले हात सोडतात. ते मांडीपट्ट्याच्या आत शिरले तर वरच्या वर पट्टा उघडून झटकता येत नाही. दादा अंगाला राख फासून चढत. राखेची कच पट्ट्याच्या विणीत आणि बकलात जाते आणि भाराखाली हळूहळू धागे कापते, म्हणून हार्नेसच्या भागात राख नको असं ठरलं. पँट मोज्यात खोचायची, वरच्या अंगाला हवी तर राख लावायची. हुमल्यांचं मोठं घरटं दिसलं की ती फांदी आधी आणि दुरून, लांब दांड्याच्या करवतीने काढायची. आराम म्हणजे नुसती गादी नाही. मुंगळा चावल्यावर दोन्ही हात मोकळे करून अंग झटकता येणं, आणि तरी पडायची भीती नसणं, हाही हार्नेसचा आरामच.

कोयता कुठे अडकवायचा

यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. दादांचा हात डोळे मिटूनही आकडीत जातो. कोयता तिथून निघतो, तिथेच परत जातो. पण आकडीतला कोयता उघड्या पात्याचा असतो, आणि आता त्याच्या शेजारी दोराचा पूल, बाजूचा दोर आणि शिवणीचे पट्टे आले. सैल दोराला पातं लागलं तर चरा पडतो. तोच दोर अंगाच्या भाराने ताणलेला असेल तर ओझरत्या स्पर्शानेही फाटत जातो. जुन्या सवयीने कमरेच्या मागून कोयता काढून पुढे आणताना पातं बरोबर बाजूच्या कड्यावरून, दोराच्या जवळून जात होतं. अंगणात लटकवून, पात्याला कापड गुंडाळून, दादांना दहा-बारा वेळा कोयता काढायला लावला आणि पुतण्याला बाजूने व्हिडिओ घ्यायला सांगितला. तो पाहिल्यावर दादांनीच मान डोलावली.

उपाय दोन केले. मोठ्या फांदीवर दोराला लटकून असताना कोयता वापरायचाच नाही. मांडीला बांधलेल्या म्यानातली वक्र करवत वापरायची. ती ओढताना कापते, एका हाताने चालते, आणि झटक्याने वळून दोरावर येत नाही. माडावर कोयता लागतोच, तिथे फांदीभोवतीच्या दोराऐवजी आत तारेचा गाभा असलेला दोर बाजूच्या कड्यांत. तारेचा दोर कोयत्याने कापलाच जात नाही असं नाही, पण एका चुकीच्या घावात तुटत नाही. साखळी करवत हाती घेतली की खोडाभोवतीचा असा दुसरा दोर आधी लावायचा, म्हणजे चढायचा दोर कापला गेला तरी माणूस झाडावर राहतो. अमेरिकेच्या झाडकामाच्या झेड १३३ या मानकातही झाडावर साखळी करवत चालवताना दोन ठिकाणी बांधलेलं असण्याचा नियम आहे. आकडी राहिली, पण कमरपट्ट्यावर नाही. ती हार्नेसच्या मागच्या फाशात लाकडी म्यानासकट बसवली, पातं झाकलेलं. दादांना हे आवडलेलं नाही, अजूनही कुरकुर असते. मी माघार घेतलेली नाही.

दोघांत एक?

किमतीवर गाडी अडली. झाडकामाचा परदेशी बनावटीचा हार्नेस दादांच्या जुन्या हार्नेसच्या वीसपट तरी पडतो. दादा म्हणाले, एकच घेऊ, मी आणि पुतण्या आळीपाळीने वापरू. पुतण्या २२ वर्षांचा, शिडशिडीत, दादांपेक्षा अर्धा फूट उंच. दर वेळी सगळ्या पट्ट्या सोडून पुन्हा बांधायच्या, म्हणजे अंगणात बसवलेलं सगळं मोडायचं. रोज सकाळी कोण ते पुन्हा नीट बसवणार? दुसऱ्याच्या मापावर ठेवलेला हार्नेस छळणार, आणि छळला की वर सुटणार. मी ठाम नाही म्हटलं.

पण एकच घेण्याच्या विचारामागे आणखी एक भोक होतं, ते दादांच्या घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दादा वर बेशुद्ध झाले तर? हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं. हार्नेस कितीही आरामाचा असला तरी निपचित लटकणं काही मिनिटांतच जिवावर बेतू शकतं. मालवणातल्या वाडीत अग्निशमन दल येईपर्यंत थांबणं हा बचाव नाही. वर जायला पुतण्याकडे हार्नेस नसेल तर त्याला दादांकडे बघत उभं राहण्याखेरीज काही करता येणार नाही.

तोडगा असा निघाला. दादांसाठी तिसरा हार्नेस, त्यांच्याच मापाचा. दोर झाडाच्या वरच्या खांद्यावरून घालून त्याचं दुसरं टोक खाली बुंध्याशी, उतरवण्याच्या साधनातून बांधायचं. म्हणजे गरज पडली तर पुतण्या जमिनीवरूनच दादांना खाली सोडू शकतो. या पद्धतीत वरच्या खांद्यावर जवळजवळ दुप्पट भार येतो. दादांचे ७६ किलो आणि सामान धरून खांद्याला दीडशे किलोच्या पुढे जाणवणार. म्हणून खांदा निवडताना चोखंदळ राहायचं, वाळका, पोखरलेला, नुसत्या बांडगुळाने हिरवा दिसणारा नाही. खालून दोर ओढून दोघांनी भार देऊन बघायचं आणि मगच चढायचं. दादा माडावर असताना मात्र ही सोय नाही. तिथे पुतण्याला वर जावंच लागेल, तेव्हा त्याच्यासाठी पुढच्या हंगामाच्या आधी साधा, कमी किमतीचा, पण ईएन ८१३ चाच बसायचा हार्नेस घ्यायचा ठरला. जुना बांधकामाचा हार्नेस त्याला दिला नाही. कुणी तो वर नेऊच नये म्हणून त्याचे पट्टे दादांनी स्वतः कापले.

हंगामानंतर

पहिला हंगाम पार पडल्यावर, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, हार्नेस घेऊन बसलो. दादांची जुनी बधीर जागा पुसट झाली होती, पूर्ण गेली नव्हती. वर असताना पट्टा सोडणं थांबलं होतं. हे दादांनी सांगितलं त्यापेक्षा पुतण्याने सांगितलं म्हणून मला पटलं. लांब कामात दर तासाला एकदा जाड फांदीवर उभं राहून मांड्यांवरचा भार काढायचा, दोर मात्र लावलेलाच, ही सवय त्यांनी आपणहून लावून घेतली होती.

हार्नेस बघताना एक हात पट्ट्याच्या एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला धरून उलटा बाक दिला की विणीतला तुटका धागा वर येतो. पट्टे ठीक होते. आंब्याचा चीक मांडीपट्ट्यावर वाळून कडक झाला होता. दादांनी तो रॉकेलने काढायचं मनात आणलं होतं, पुतण्याने हात धरला म्हणून वाचला. चीक कोमट पाण्यात साध्या साबणाने भिजवून, मऊ ब्रशने, सावलीत वाळवून. निघाला तेवढा निघाला. रॉकेल, पेट्रोल, बॅटरीचं पाणी यांच्या जवळ हार्नेस ठेवायचाच नाही. टेंपोच्या मागे साखळी करवतीच्या तेलाच्या कॅनशेजारी तो पडलेला असतो, त्यासाठी आता वेगळी झाकणाची बादली आहे.

पुलाच्या दोरावर मात्र रिंगेच्या डाव्या बाजूला बाहेरचं कवच एका जागी केसाळ झालं होतं आणि त्यात एक सरळ, स्वच्छ चीर होती, नखाच्या टोकाएवढी. घासून झालेली चीर अशी नसते. दादांनी ती बघितली आणि न विचारता सांगितलं, माडावर एकदा कोयता म्यानात न घालता फिरवला होता. पूल तिथल्या तिथे काढला, कापून टाकला. या हार्नेसमध्ये पूल बदलता येतो, पण त्याच कंपनीचा, त्याच मापाचा. बाजारातला कुठलाही दोर गाठ मारून चालत नाही. नवा पूल मागवला आहे, तो येईपर्यंत आंब्याची कामं बंद. सोबत पुतण्याच्या कमरेचं, मांडीचं आणि या वेळी धडाच्या उंचीचंही माप पाठवलं आहे.